वकीलसाहेबांच्या बॅटऱ्या

खोली बघायला गेले ते मे महिन्याचे दिवस होते. अमरावतीचा मे काय असतो हे साताऱ्याकडच्या माणसाला आधी सांगून कळत नाही. स्टँडवरून त्या घरापर्यंत येईस्तोवर माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले होते. बैठकीत एक मोठा कूलर घरघरत होता. त्याच्या ऐन तोंडाशी गादीची एक खुर्ची होती, तिच्यावर छोटीशी रजई पसरलेली. मी कोणाला न विचारता तिकडं वळले.

"तिथं नका बसू मॅडम," आतून आलेले गृहस्थ म्हणाले. "तिथं बसलेले हायेत."

मी खुर्चीकडं पुन्हा पाहिलं. त्यांनी रजईचा कोपरा उचलून दाखवला. खाली निळ्या-पिवळ्या वेष्टनातल्या, आळूवडीएवढ्या चपट्या बॅटऱ्या ओळीनं निजल्या होत्या. यांना उन्हाळा सोसत नाही, असं त्यांनी मला समजावलं आणि भिंतीकडेचा लाकडी बाक दाखवला. भाडं, पाण्याची वेळ, फाटकाची किल्ली हे सगळं बोलणं त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी केलं. साहेबांनी एकच गोष्ट विचारली: मी वर विजेची शेगडी वापरणार का? कारण शेगडी लागली की विजेचा दाब पडतो, आणि दाब पडला की चार्जरचा हिशेब चुकतो. मी रॉकेलचा स्टोव्ह वापरेन म्हटल्यावर त्यांनी प्रसन्न चेहऱ्यानं खोली मला देऊन टाकली.

ते दिवाणी वकील होते. वाटण्या, बांध, धुरे, वहिवाट असले दावे. तारखा अमरावतीला असायच्या, कधी अकोल्याला, कधी मूर्तिजापूरला. मी कॉलेजात मराठी शिकवायला आले होते, आणि त्यांच्या माडीवर राहिले ती पुष्कळ वर्षं. कॉलेजात कोणाला घराचा पत्ता सांगितला की समोरचा हसून म्हणायचा, "म्हणजे विमानवाल्या वकिलाकडे." खरं तर ते विमानवाले कमी आणि बॅटरीवाले जास्त होते. रेडिओलहरींवर, रिमोटनं उडवायची ती छोटी विमानं बनवायचे त्यांचे मित्र सलीमभाई. सलीमभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत कापसाच्या ढिगाशेजारी ते थर्माकोल आणि बांबूच्या काड्यांचे पंख घडवायचे. कापूस पिंजणाऱ्या माणसाला हलक्या वस्तूची पारख असतेच, असं त्यांचं म्हणणं. वकीलसाहेबांकडं बॅटऱ्यांचं खातं होतं. "जहाज मेरा, जान साहब की," असं सलीमभाई कोणालाही ओळख करून देताना सांगायचे. बॅटऱ्यांच्या त्या छोट्या रजया त्यांनीच शिवल्या होत्या.

साहेब प्रत्येक जातीच्या बॅटरीचा स्वभाव माणसाचा सांगावा तसा सांगत. जुन्या काळातल्या त्यांच्याकडच्या बॅटऱ्या निकॅड. ती अर्धवट वापरून पुन्हा भरली, असं दोन-चारदा झालं, की तिला वाटतं आपली ताकद एवढीच, आणि मग ती जन्मभर तेवढीच देते. "लेकराले सारखं म्हनत राह्यलं का तुले गनित येत नाई, का संपलं. तसंच हे," ते म्हणत. म्हणून निकॅड भरायच्या आधी पूर्ण रिकामी करायची. त्यासाठी ते तिला टॉर्चचा एक बारका दिवा जोडून ओसरीच्या कोनाड्यात ठेवत. संध्याकाळी तो मिणमिणता दिवा पाहून शेजारच्या आजी रस्त्यावरून हात जोडून जायच्या. साहेबांनी त्यांना कधी अडवलं नाही. त्यांचं म्हणणं, त्या हात जोडतात त्यात बॅटरीचं काही नुकसान नाही.

त्यानंतरची जात नुसती बसली तरी उतरायची. वापरा न वापरा, महिन्याभरानं पाहावं तर अर्धी. असे लोक आमच्या बाररूममध्ये पुष्कळ आहेत, असं ते म्हणत आणि नावंही सांगत.

पण त्यांचा खरा जीव शेवटच्या जातीवर होता. लिपो. वजनाला हलकी, ताकदीला घोडा, आणि रागाला जमदग्नी. हिला पूर्ण भरून निजवायची नाही, उपाशीही निजवायची नाही. अर्ध्याहून थोडी वर ठेवायची, म्हणजे टिकते. हा नियम त्यांना इतका पटला होता की जेवतानाही काकूंनी आणखी पोळी वाढायला घेतली की ते ताटावर आडवा हात धरायचे आणि म्हणायचे, "बस. साठवणीपुरतं झालं." मग काकू पोळीवर तूप घालायच्या आणि हात आपोआप बाजूला व्हायचा. मार लागलेली किंवा जास्त भरलेली लिपो फुगते आणि फुगलेली वापरायची नसते, हेही त्यांनीच घरात सगळ्यांना शिकवलं होतं. काकूंनी एकदा त्यांच्या पोटाकडं पाहून त्यांना हा नियम परत ऐकवला. त्यानंतर आठवडाभर ते सकाळी फिरायला गेले.

लिपोचं चार्जिंग हा एक विधी होता. अंगणात कडुनिंबाखाली फरशी, फरशीवर मातीचा माठ, माठात बॅटरी, शेजारी वाळूची बादली आणि वेताची खुर्ची. खुर्चीवर साहेब. चार्जिंगला लावलेली लिपो एकटी सोडायची नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव नियम होता ज्याला त्यांनी जाणूनबुजून कधी अपवाद केला नाही. बिघडली तर ती पेट घेते, आणि पेटली की पाण्यालाही ऐकत नाही. पहिला माठ त्यांनी काकूंचा नवाकोरा उचलून नेला होता. पुढच्या उन्हाळ्यापासून काकू बाजारातून दोन माठ आणायला लागल्या. एक पाण्याचा, एक आगीचा.

त्या वर्षांत लोडशेडिंग इतकं होतं की वीज आली तर लोक एकमेकांना सांगायचे. साहेबांच्या फाटकाशी एक जुनी फियाट विटांवर उभी होती. तिची चाकं कधीच गेली होती, पण बॅटरी मात्र ताजी होती. वीज गेली की साहेब तिचं बॉनेट उघडून चार्जर जोडत. आम्हाला उकाड्यात वारा घालायला वर्तमानपत्र असायचं. शेवटी काकूंनी हट्ट करून इन्व्हर्टर आणवला, निदान एक पंखा फिरेल म्हणून. पहिल्याच दिवशी वीज गेली, पंखा फिरला, आणि थोड्या वेळानं थांबला. काकू अंगणात येऊन पाहतात तर इन्व्हर्टरची वायर खिडकीतून माठाकडं गेलेली. त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं ते मला माडीवर शब्दन् शब्द ऐकू आलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून पंखा फिरत राहिला आणि फियाटचं बॉनेट उघडं राहिलं.

त्यांच्या वकिलीच्या गोष्टीतही बॅटरी यायचीच. एकदा अकोल्याला तारीख होती. बडनेऱ्याहून पॅसेंजर निघाली आणि मूर्तिजापूर येता येता त्यांना आठवलं, की निघायच्या गडबडीत एक बॅटरी चार्जरवर राहिली आहे. घरी काकू नव्हत्या, मी कॉलेजात. ते मूर्तिजापूरला उतरले. पलीकडच्या फलाटावर शकुंतला, ती छोट्या रुळांची गाडी, उभी होती. तिच्या गार्डला त्यांनी विचारलं, की उलट अमरावतीकडं आधी काय जातं. तो म्हणाला, "साहेब, आमची गाळी कुठं अन् केव्हा जाते हे आमालेच ठाव नसते." शेवटी एका ट्रकमधून संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर बसून ते घरी पोचले. बॅटरी शांत होती. सकाळी ते बडनेरा स्टेशनवर पोचायच्या आतच वीज गेली होती. अकोल्याची केस विरुद्ध पक्षाचा वकीलही न आल्यानं पुढं गेली. हा योगायोग साहेब पुढं कायम आपल्या नियमाच्या बाजूनं पुरावा म्हणून वापरत.

साहेबांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही माठात बॅटरी चार्जिंगला होती. पाहुणे ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले, यात साहेबांची चूक नव्हती. पण ते खुर्चीवरून उठेनात. त्यांनी पाहुण्यांसाठी अंगणातच सतरंजी टाकायला लावली. मुलाचे वडील मोठे बागाईतदार, वरूडकडचे. त्यांनी माठाकडं बोट दाखवून विचारलं, की यात काय शिजतंय. साहेबांनी मनापासून सगळं सांगितलं, पेट घेण्यासकट. मुलाच्या आईनं सतरंजी हळूहळू फाटकाकडं सरकवली. मंडळी पोहे न खाताच गेली. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मुलगी मात्र माडीवर येऊन माझ्यापाशी पोट धरून हसली. तो मुलगा तिला नको होता आणि हे घरात कसं सांगावं या विचारानं ती आठवडाभर झोपली नव्हती. पुढं तिनं आपल्या वर्गातल्याच मुलाशी लग्न केलं. पुण्याहून पहिल्या दिवाळीला आली तेव्हा बापासाठी तिनं नवा चार्जर आणला. तो साहेबांनी देवघरातल्या पाटावर ठेवून काकूंकडून त्याला हळदकुंकू लावून घेतलं.

आता ती गारपिटीची गोष्ट सांगते. त्यांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा हीच गोष्ट आठवते.

होळीच्या आधीचे दिवस. वऱ्हाडात त्या वर्षांत शेतकऱ्यांचे हाल पाहायला येणाऱ्यांची कमी नव्हती. दिल्लीची पथकं येत, मुंबईचे वार्ताहर येत. गाडी थांबायची, फोटो निघायचे, गाडी जायची. त्यात त्या साली गारा पडल्या. उभा गहू झोपला, हरभरा मातीत गेला. मला कॉलेजला सुट्टी होती, आणि इतकी वर्षं खाली राहणाऱ्या बॅटऱ्या वर कशा उडतात हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणून मी साहेब आणि सलीमभाईंबरोबर गेले. शहरापासून बरंच लांब एका पडीत रानात ते उडवायचे. तालुका कुठला ते मी मुद्दाम सांगत नाही.

विमान उडालं, ते मला आवडलं. पंखांवर सलीमभाईंनी नुकताच तिरंगा रंगवला होता. ते उन्हात फार देखणं दिसत होतं. आमच्यावरून दोन-तीन फेऱ्या मारून ते ओढ्यापलीकडं गेलं, आणि गेलं ते गेलंच. साहेब रिमोटच्या डब्याच्या काड्या हलवत राहिले, पण विमान एका गावाच्या शिवारावर कललं आणि झाडांमागं दिसेनासं झालं. सलीमभाई म्हणाले बॅटरी दमली. साहेब म्हणाले सिग्नल तुटला. हा वाद त्यांच्यात अखेरपर्यंत मिटला नाही.

आम्ही ओढा उतरून पोचलो तेव्हा निम्मं गाव एका गव्हाच्या वावरात जमलं होतं. गहू सगळा चटईसारखा आडवा, वाळत आलेला. मधोमध विमान नाकावर उभं. शेजारी वावराच्या मालकीण इंदूबाई, पदर खोचून, कोणाला हात लावू देत नव्हत्या. आम्हाला पाहून लोकांनी वाट करून दिली. एकानं साहेबांच्या हातातला डबा अदबीनं धरला. कोणी पाणी आणलं. मग आमच्या लक्षात आलं. तिरंगा पाहून त्यांना वाटलं होतं की सरकारनं नुकसान पाहायला विमान सोडलं. शेजारच्या गावाचे पंचनामे झाले होते, या गावाचं नाव यादीतून राहून गेलं होतं. तलाठी येतो येतो म्हणून आला नव्हता.

साहेबांनी सांगितलं, की आम्ही सरकारी नाही, हे आमचं स्वतःचं विमान आहे. लोकांचे चेहरे उतरले. काही जण निघूनही गेले. सलीमभाई खाली बघत तिरंग्यावरची माती पुसायला लागले. साहेब तोवर गुडघ्यावर बसून विमानाच्या पोटातली बॅटरी पाहत होते. तिच्या कोपऱ्याला चांगला मार लागला होता. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी इंदूबाईंना वाळू मागितली. इंदूबाईंनी ओढ्यातली वाळू घमेल्यात आणून दिली. साहेबांनी दोन बोटांनी बॅटरी सोडवून वाळूत ठेवली, घमेलं उघड्या जमिनीवर नेलं, आणि त्याच्याशेजारी बसले.

"विमान घेऊन जा तुमचं," इंदूबाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, मला आता लगेच जाता येणार नाही. मार लागलेली लिपो कधी लगेच पेटते, कधी पुष्कळ वेळानं. भोवती सगळं वाळलेलं पीक. ही थंड झाली अशी खात्री होईपर्यंत मी इथून हलत नाही.

इंदूबाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पेपरात येते ना, विमान पडलं का पयले पंचनामा होते? मंग तुमच्या विमानाचा होईन तवा माह्या वावराचाबी करा म्हना."

त्या चिडून बोलल्या होत्या. पण साहेबांनी मान वर केली. अवघड दाव्यात फट सापडली की त्यांच्या डोळ्यांत जे यायचं ते आलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कागद काढायला सांगितला. बांधावरच्या बाभळीखाली बसून मी अर्ज लिहिला, ते घमेल्याशेजारून सांगत होते. अमुक गावच्या शिवारात, अमुक शेतात, आज सकाळी एक विमान कोसळले असून मनुष्यहानी नाही. तरी घटनास्थळाचा पंचनामा व्हावा. मी म्हटलं, 'कोसळले' फार होतं, 'पडले' लिहू. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही मराठीच्या, तुम्हीच सांगा, वरून नाकावर आलेल्या वस्तूला काय म्हणतात. मी 'कोसळले' लिहिलं. विमान केवढं आहे हे लिहायचं का, असं मी विचारलं. अर्जाच्या नमुन्यात तसा रकाना नसतो, असं ते म्हणाले. सलीमभाई स्कूटरवर अर्ज घेऊन गेले. जाताना ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, साहब की वकालत की सनद जाएगी."

ऊन चढलं. साहेब तिथंच बसून होते. इंदूबाईंनी आधी छत्री धरायला मला दिली, मग भाकर आणि झुणका आणला. साहेबांनी जेवतानाही घमेल्याकडं पाठ केली नाही. आम्ही तिघं बसलो होतो तेव्हा त्यांनी इंदूबाईंना विचारलं, घरी कोण कोण. त्यांनी सांगितलं. मुलगा सुरतला, सून माहेरी, आपण आणि म्हैस. साहेबांनी म्हैस किती दूध देते ते विचारलं. बॅटरीखेरीज दुसऱ्या कशाची चौकशी करताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते.

मग धूळ उठली. पुढं पोलिसांची जीप, मागं रुग्णवाहिका, त्यामागं नायब तहसीलदारांची गाडी, तिच्यात तलाठीही, आणि त्यांच्यामागं मोटरसायकलींवर, ट्रॅक्टरवर वाटेतल्या गावांचे लोक, त्यांच्यात स्कूटरवर सलीमभाई. विमान पडल्याची बातमी अर्जाच्या पुढं धावली होती. नायब तहसीलदार तरुण होते. धावत बांध ओलांडून आले आणि विमानापाशी उभे राहिले. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली.

"हे विमान आहे?"

"पंख हायेत, मोटर हाये, उडते अन् पडते," साहेब बसूनच म्हणाले. "अजून काय लागते विमानाले?"

"पायलट कुठाय?"

"मीच."

नायब तहसीलदारांचा राग रास्त होता, हे मी आजही म्हणते. खोटी वर्दी, सरकारी वेळेचा अपव्यय, वकील असून असं वागणं, सगळं ते बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, की अर्जातला एक शब्द खोटा दाखवा. आणि आता आलाच आहात तर पंचनामा करा. या शेताचं नुकसान झालेलं आहे. ते विमानानं केलं असेल तर मी भरून देतो. एवढ्याशा विमानानं अख्खं वावर आडवं होत नाही असं तुमचं मत असेल, तर मग कशानं झालं ते लिहा. आणि फक्त याच वावराचं झालं का, हे ठरवायला शेजारचीही पाहावी लागतील. त्यावर मागून एक म्हातारा म्हणाला, की विमान आपल्या वावरावरूनबी गेलं. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. थोड्याच वेळात असं दिसलं, की ते विमान गावातल्या झाडून सगळ्या शेतांवरून गेलं होतं.

नायब साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी हवालदाराला सांगितलं, हे सगळं सामान जप्त करून जीपमध्ये टाका, आणि वकिलांना बसवा. हवालदारानं विमान उचललं. मग घमेल्यातून बॅटरी घ्यायला वाकला.

तेव्हा साहेब उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "हात लावू नको," ते ओरडले, आणि घमेल्यापुढं आडवे झाले. मग नायब साहेबांना म्हणाले, "मले न्या. कुठंबी न्या. पण हे जीपमध्ये ठेवू नका. तुमची मानसं हायेत त्यात."

हवालदार थबकला. त्याला ते ढोंग वाटलं असावं, कारण तो जरा हसला. तेवढ्यात वाळूतून साप फुत्कारावा तसा आवाज आला. पांढरा धूर उसळला, आणि धुरातून ज्वाळा. साहेबांनी हातानं सगळ्यांना मागं रेटलं, ओंजळी ओंजळीनं वाळू टाकली. घमेल्याचा तळ लाल झाला. घमेल्याबाहेर काही गेलं नाही. जरा वेळानं ते निवलं, नुसता घाणेरडा वास उरला.

हवालदार स्वतःच्या हाताकडं पाहत होता. नायब साहेब बांधावर बसले. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी साहेबांना विचारलं, "सकाळपासून तुम्ही यासाठी बसून होता?"

"मंग काय," साहेब म्हणाले. "त्या बाईचं वावर हाये."

नायब साहेबांनी तलाठ्याला कागद काढायला सांगितला. इंदूबाईंच्या वावरापासून सुरुवात झाली. तलाठी लिहीत होता, लोक आपापल्या बांधावर जाऊन उभे राहत होते. दिवस कलेपर्यंत ते चाललं. शेवटी पंचनामा सहीसाठी साहेबांपुढं आला. त्यांनी वाचला आणि परत दिला. त्यात लिहिलं होतं: शेतात एक खेळणे पडलेले आढळले. साहेब म्हणाले, यावर मी सही करणार नाही. नायब साहेबांनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं, की 'खेळणे' लिहिलं तर तुमच्यावर काही येत नाही, 'विमान' लिहिलं तर मला वर खुलासा करावा लागेल आणि तुमच्यावर कारवाईचं पाहावं लागेल. माणूस सज्जन होता, त्यांना वाचवायलाच पाहत होता. साहेबांनी मान हलवली. ते म्हणाले, खेळण्यासाठी कोणी पंचनाम्याला येत नसतं. उद्या वरचा साहेब विचारेल, खेळणं पडलं तर गावभर कशाला फिरलात, आणि सगळे कागद रद्द करील. आणि दुसरं म्हणजे, ते खेळणं नाही.

हे दुसरं त्यांनी फार हळू सांगितलं. सलीमभाई तिथंच होते, त्यांनी तोंड फिरवलं.

कागदावर 'लहान विमान' असं लिहिलं गेलं. साहेबांनी सही केली, खाली सलीमभाईंनी, खाली मी.

त्यांच्यावर पुढं नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, कोर्टात लोकांनी वर्षभर 'पायलटसाहेब' म्हणून हाका मारल्या. सनद राहिली. गावाचं नाव पुरवणी यादीत आलं. मिळालं ते फार नव्हतं, पण मिळालं. इंदूबाई ते सांगायला बसनं अमरावतीला आल्या, आणि काकूंना म्हणाल्या, पाडव्यानंतर गावात या, विमान घेऊन या, लोकांना ते उडताना पाहायचं आहे.

आम्ही गावात गेलो त्या दिवशी काकूही आल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी विमान उडताना पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, माझा संसार त्याच्या पोटात बसून फिरतो, मी काय पाहू. गव्हाचं वावर आता मोकळं होतं. सगळा गाव कडेनं बसला. साहेबांनी सगळ्यांत नवी बॅटरी आणली होती, मुलीनं पुण्याहून पाठवलेली. विमान वर गेलं. काकूंनी डोळ्यांवर हात धरून मान वर केली, आणि मग खाली केलीच नाही. ते वळलं की त्या वळायच्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "अजून किती येळ राहीन वर?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. लिपो पूर्ण संपू द्यायची नसते. थोडा जीव शिल्लक असतानाच विमान खाली आणायचं, नाही तर बॅटरी कायमची जाते. ती वेळ होत आली होती. सलीमभाई पुढं झाले, झेलायला. साहेबांनी काकूंकडं पाहिलं. त्या अजून वरच पाहत होत्या.

"राहीन अजून," साहेब म्हणाले.

सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. विमान फिरत राहिलं. मोटरचा आवाज मंद झाला, मग थांबला, आणि ते पंखांवर तरंगत, अगदी सावकाश, इंदूबाईंच्या वावरात उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, बरं दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर साहेब अंगणात उभे होते. हातात ती नवी बॅटरी, उशीसारखी फुगलेली. अशी कामातून गेलेली लिपो टाकायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, उरलासुरला जीव निघून जावा म्हणून. त्यांनी बादलीत पाणी काढलं होतं. काकू स्वयंपाकघरातून खड्या मिठाची बरणी घेऊन स्वतःच बाहेर आल्या आणि बादलीशी वाकल्या.

"किती टाकू?" त्यांनी विचारलं.

"टाक अंदाजानं," साहेब म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. काकू बादलीच्या दुसऱ्या बाजूला फरशीवर बसल्या. मी फाटक हळू लावलं आणि निघाले.